जिवंत असल्याचा छापील पुरावा

गोहलपूर, जबलपूर
मंगळवार, दिवाळीला आठवडा आहे

तीर्थरूप बापूसाहेब मामाजी यांच्या पायांवर डोकं ठेवून तनयचा नमस्कार. मी इकडे जिवंत आहे. दरवेळी 'खुशाल आहे' लिहितो, ह्यावेळी मुद्दाम असं लिहिलं, काहून ते पुढे कळेल. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजवा. मामीजी म्हणाल्या होत्या की दुखणं आता इकडचं तिकडे गेलं.) मामीजींच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं का? गाय व्याली का? संत्र्याला ह्या साली गळ फार आहे म्हणतात, आपल्या झाडांना नसावी.

पत्राला चार महिने लागले याची माफी असावी. फोन केला असता, पण जूनमध्ये तुम्हीच बजावलं की यापुढे तुझा फोन उचलणार नाही, जे सांगायचं ते हाताने लिहून पाठव, तरच तू आहेस असं मानीन. चूक माझीच होती. आमच्या कंपनीच्या मशीनवरून ट्रायल म्हणून तुम्हाला फोन लावला, आणि माझ्याच आवाजात 'आदरणीय महोदय, आपली प्रकृती कशी आहे' असं ऐकून तुम्ही मामीजींना फोनवरून मिरच्या ओवाळायला लावल्या. (गुण आला असावा. त्या दिवशी मशीन दुपारपर्यंत बंद होतं.)

कंपनीचं पुन्हा एकदा सांगतो, कारण तुम्ही पांढुर्ण्यात सगळ्यांना 'भाचा जबलपूरला फोटो स्टुडिओत आहे' असं सांगता. कंपनीचं नाव प्रतिरूप. मालक अंबरीश सर आणि त्यांची बहीण संपदा दीदी. यांचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं ते इकडचंच झालं, त्यामुळे दोघांचं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोहोचतं. इथे माणसाचा बोलता पुतळा बनवतात, पण तो फक्त पडद्यावर असतो. त्याला अवतार म्हणतात. (देवाचा नाही. मामीजींना तसं सांगा.) माणसाला तासभर कॅमेऱ्यासमोर बसवायचं, काहीबाही वाचून घ्यायचं, की मग त्याचा अवतार अकरा भाषा बोलतो, थकत नाही, पाणी मागत नाही. दातांचे डॉक्टर घेतात, कोचिंगवाले घेतात, साडीवाले घेतात. गेलेल्या आजी-आजोबांचेही जुन्या व्हिडिओवरून बनवून देतो. माझं काम म्हणजे लाइट लावणं, स्टँड उचलणं, आणि खाली अनुपम भैयाचा लोखंडी आलमाऱ्यांचा कारखाना आहे तिथे जाऊन, रेकॉर्डिंगपुरतं ठोकणं थांबवा म्हणून हात जोडणं. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

पहिला अवतार बनवायचा होता तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसायला कोणी रिकामं नव्हतं, म्हणून मला बसवलं. त्या अवताराचं नाव ठेवलं श्रीरंग. मामाजी, चेहरा माझा, आवाज माझा, पण तो तमिळ बोलतो! 'सर्वप्रथम' म्हणतो, 'तदनंतर' म्हणतो. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, तुम्हाला ठाऊकच आहे. गॅरेज सोडलं, मोबाइलचं दुकान सोडलं, लग्नाच्या मंडपवाल्याकडे एक सीझन केला. इथे मात्र दोन वर्षं टिकलो, ते ह्या श्रीरंगच्या जोरावर. ऑफिसचा फोन तोच उचलतो. गिऱ्हाईकं येतात आणि मला बघून म्हणतात, अरे, ये लड़का तो श्रीरंग सर जैसा दिखता है.

आता मुख्य गोष्ट. सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होती. हे फॅक्टऱ्यांचं गाव, त्या दिवशी इथे पान्या-पेचकसालाही कुंकू लागतं. खाली अनुपम भैयाने ड्रिल मशीनला, ग्राइंडरला, वेल्डिंगच्या डब्याला झेंडूचे हार घातले. दीदी म्हणाल्या, 'तनय, आपल्याकडे पण करून घे न, अपनी भी तो मशीनें हैं.' मी कॅमेऱ्याला केलं, लाइटांना केलं, स्टँडला केलं. राहिला भिंतीवरचा मोठा पडदा. बंद पडदा म्हणजे काळी काच, तिला हार घालणं बरं दिसेना, म्हणून मी पडद्यावर श्रीरंगला लावून ठेवलं. हात जोडून, जरासं हसत, तो शेवटी धन्यवाद म्हणतो न, तिथे थांबवला. मग मोठा भरगच्च हार घातला. काचेला कुंकू लावलं ते नेमकं कपाळावर आलं. खाली निरांजन, उदबत्ती, दोन केळी, नारळ. इतकं छान दिसत होतं की मी माझ्यासाठी फोटो काढला. तेव्हा काहीसुद्धा मनात आलं नाही. मला तिथे मशीनच दिसत होतं.

नंतरच्या आठवड्यात सरांनी बोलावलं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कोणीही जाऊन त्यात लिहू शकतं आणि कोणीही येऊन ते खोडू शकतं. त्यात आमच्या कंपनीची मराठीत नोंद आहे. (हिंदीतही होती. तिच्यात सरांनी आठ वेळा 'विश्वविख्यात' लिहिलं, म्हणून जाहिरात समजून ती उडवली आणि सरांना-दीदींना लिहायची बंदी केली.) मराठी नोंदीत पत्ता जुना होता आणि माणसं चार लिहिलेली, आता आम्ही सात आहोत. सर म्हणाले, 'तू कर अपडेट, तू तो बाहर का आदमी है.' दोन वर्षं यांच्याकडे जेवून राहिलो आणि मी बाहरचा! चलो. मी 'तनय धोटे पांढुर्णा' नावाने खातं उघडलं, पत्ता दुरुस्त केला, चाराचे सात केले, आणि एक ओळ माझ्याकडून घातली: कंपनीचा पहिला अवतार श्रीरंग हा तनय धोटे यांच्या चेहऱ्यावरून व आवाजावरून घडवला आहे. यात खोटं एक अक्षर नाही. नोंदीला फोटो पाहिजे होता. माझ्याजवळचा सगळ्यात चांगला फोटो लावला.

तुम्हाला समजलं असेल. मला समजायला दुसरा दिवस उजाडला.

'प्रमोदिनी ७१' नावाच्या कोणी बाई आहेत. कुठल्या, काय करतात, ठाऊक नाही, पण ह्या ज्ञानकोशात कोणी काही लिहिलं की त्या तपासतात. फार कष्टाळू. त्यांनी माझा फोटो पाहिला, हार पाहिला, निरांजन पाहिलं, आमच्या वेबसाइटवर 'दिवंगत आप्तांना पुन्हा बोलतं करा' ही आमचीच जाहिरात पाहिली, तिथूनच माझं काम शोधून काढलं, आणि माझी ओळ सुधारली. आता तिथे असं आहे: कंपनीचा पहिला अवतार दिवंगत कर्मचारी तनय धोटे यांच्या स्मरणार्थ घडवला आहे. ते कंपनीत प्रकाशयोजना पाहत असत.

मामाजी, ते 'पाहत असत' मी दोनदा वाचलं. मी त्या वेळी हातात लाइट धरून उभा होतो.

मी खोडलं. त्यांनी परत लिहिलं. मी खोडलं, त्यांनी परत लिहिलं. असं पाचदा झाल्यावर त्यांनी मला चर्चेच्या पानावर बोलावलं. (प्रत्येक नोंदीच्या मागे असं एक पान असतं, भांडायचं असेल तर तिकडे भांडायचं.) मी रीतसर लिहिलं, आदरणीय प्रमोदिनी आत्या, नमस्कार, आपली तब्येत चांगली असेल, मी स्वतः तनय धोटे असून जिवंत आहे, तरी कृपा करून तसं लिहावं. उत्तर आलं की सदस्याने स्वतःविषयी सांगितलेलं पुरावा धरता येत नाही, स्वतंत्र आणि छापील स्रोत द्यावा. शिवाय दिवंगत व्यक्तीच्या नावाने खातं चालवणं नियमाविरुद्ध आहे. म्हणजे मी मेलो ते मेलोच, वर मेलेल्याच्या नावावर लबाडी करणाराही मीच!

मग मी त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून फोटो टाकला. बाई म्हणाल्या, ज्या कंपनीचा धंदाच माणसांची हुबेहूब चित्रं बनवायचा आहे, तिच्या कर्मचाऱ्याचा फोटो कसा मानू? व्हिडिओ टाकला, त्यात उड्या मारल्या, कान धरून उठाबशा काढल्या. त्या म्हणाल्या, अवतार चांगला झाला आहे, हालचाल अगदी खरी वाटते. (अंबरीश सरांनी ते वाक्य कापून कंपनीच्या पानावर लावलं.) आधार कार्ड टाकलं. ते त्यांनी दहा मिनिटांत पुसलं आणि लिहिलं की असे कागद उघड्यावर ठेवू नयेत, कोणी गैरफायदा घेईल. पाहा, मेलेल्या माणसाची एवढी काळजी! मग त्यांनी विचारलं की तुमचं ह्या कंपनीशी नातं काय, ते खरंखरं जाहीर करा. माझं डोकं फिरलं होतं, मी सगळंच लिहून काढलं, लाइट, स्टँड, आलमाऱ्या, दहावी, सगळं.

मधेच सुचलं की तुम्ही दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी जीवन प्रमाणपत्र देता. सरकार मानतं, तर बाईही मानतील. इथे जबलपुरात रिटायर माणसं एवढी की बँकेत त्याची वेगळी खिडकी असते. रांगेत उभा राहिलो. पुढे-मागे सगळे ऐंशीच्या वरचे (त्यांचं ऑक्टोबरपासूनच घेतात), एक काका म्हणाले, 'बेटा, इतनी जल्दी?' खिडकीवरच्या मॅडमनी विचारलं, पेन्शन कुठली? म्हटलं, नाही. फॅमिली पेन्शन? नाही. 'तो फिर आपको जीवित होने की ज़रूरत क्या है?' मागचे काका हसले नाहीत. त्यांना घाई होती. हेही मी चर्चेच्या पानावर लिहून टाकलं.

सरांना सांगायला गेलो तर सर खूश. त्या नोंदीपासून आजी-आजोबांचे अवतार विचारायला रोज फोन येऊन राहिले. सर म्हणाले, 'थोडे दिन रहने दे न यार, क्या बिगड़ता है?' संपदा दीदी म्हणतात की मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. अनुपम भैया खालून ओरडतो (इकडे दोस्ताला बड्डे म्हणतात), 'काए बड्डे, मरने के बाद तो तुम और निखर गए!' मी हसतो. पण दिवसातून चाळीस वेळा मोबाइलवर ती नोंद उघडून बघतो. परवा न्हाव्याच्या आरशासमोर बसलो होतो, तर काच वाफेने धुरकट होते का ते पाहून राहिलो होतो. झाली, मामाजी.

आता तुम्ही म्हणाल, राहू दे, कोण वाचतं. बाबारावांनी वाचलं न! शहपुऱ्याचे तुमचे मित्र, रिटायर हेडमास्तर, ज्यांच्या वैभवीसाठी तुम्हीच माझं नाव सुचवलं आणि तुळशीचं लग्न झालं की साक्षगंध करू असं ठरत आलं होतं, तेच बाबाराव. त्यांना कोणीतरी त्या नोंदीची लिंक पाठवली. (जगात रिकामी माणसं कमी नाहीत.) वाचून तुम्हाला विचारणं त्यांच्या जिवावर आलं असावं, त्यांनी बायोडाटावरच्या नंबरवर फोन केला. तो नंबर ऑफिसचा. फोन उचलला श्रीरंगने. श्रीरंगचे सगळे फोन दुसऱ्या दिवशी लिहून येतात आणि ते वाचून फाइलला लावणं माझ्याकडे आहे, म्हणून मला कळलं. बाबारावांनी विचारलं, 'तनय आहे का?' तो म्हणाला, तनय के विषय में मेरे पास जानकारी उपलब्ध नहीं है. ते म्हणाले, 'अरे, पण आवाज तर त्याचाच आहे!' तो म्हणाला, धन्यवाद, मैं सदैव आपकी सेवा में रहूँगा. पुढे लिहिलं आहे, ग्राहकाने फोन बंद केला.

मी लगेच माझ्या मोबाइलवरून त्यांना लावला. 'काका, मी तनय' एवढंच बोललो. तर म्हणाले, 'मेलेल्या पोराच्या आवाजात फोन करून राहिले, लाज वाटत नाही तुम्हा लोकांना?' आणि ठेवला. वैभवीशी मी आजवर एकदाच बोललो आहे, तेही तुम्ही शेजारी बसून. तिला लावायचा धीर झाला नाही. मला भीती ही आहे, मामाजी, की त्यांनी दुसरं स्थळ पाहायला घेतलं असेल. मेलेल्या मुलासाठी कोणी किती थांबणार? मुलगी चांगली आहे. त्या दिवशी मी चहा सांडला तर तिने स्वतःची बशी माझ्याकडे सरकवली होती.

शेवटी प्रमोदिनीबाईंना दया आली असावी. त्यांनी लिहिलं की पंधरा दिवस देते, छापील पुरावा आणा, नाहीतर ती सगळी ओळच काढून टाकू, म्हणजे वाद मिटेल. वाचून बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं. ओळ राहिली तर ज्ञानकोशात माझं नाव आहे, पण मी मेलेला आहे. ओळ गेली तर मी जिवंत आहे, पण नाव नाही. मला दोन्ही पाहिजेत. हे फार मागणं आहे का? मी तीन दिवस ह्याच विचारात इकडून तिकडे फिरून राहिलो, दमोह नाक्यापर्यंत पायी जातो आणि परत येतो. मी आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी छापून आलो, आणि छापून आलो तर असा!

बाकी सर्व ठीक आहे. तुमच्याकडे काही मागणं नाही, फक्त मोठ्यांचा हात डोक्यावर असावा. मामीजींना नमस्कार, गाईला चारा.

तुमचा भाचा (हयात),
तनय

ता. क. मागणं नाही लिहिलं, पण एक आहे. आपल्या गावच्या साप्ताहिकाचे मालक रोज सकाळी तुमच्यासोबत फिरायला येतात. त्यांना सांगून बुधवारच्या अंकात तीन ओळी छापून आणा: 'येथील बापूसाहेबांचे भाचे श्री. तनय धोटे हे जबलपूर येथे कार्यरत असून त्यांची प्रकृती उत्तम आहे.' फोटो पासपोर्टचा सोबत जोडला आहे. ते कोणाकोणाचं काय काय छापतात, मला माहीत आहे. फक्त चौकटीत छापू नका म्हणावं. आणि फोटोखाली फूल नको.

ता. क. दुसरं. वर लिहिलं की बाबारावांना लिंक कोणीतरी पाठवली. ती मी पाठवली. तुम्ही दिलेल्या बायोडाटात शिक्षणाच्या रकान्यात 'दहावी अनुत्तीर्ण' होतं, ते मी पुसलं. तिथे काय लिहावं सुचेना, रिकामी जागा फार मोठी दिसत होती. तर तिथे 'ज्ञानकोशात नोंद आहे, पाहावी' असं लिहून खाली लिंक दिली. बाबारावांना पाठवली तेव्हा माझी ओळ नीट होती. त्यांनी उघडली तोवर बाईंनी सुधारली. रागावू नका. तुम्ही रागावला तर मामीजींना वाचून दाखवू नका.

ता. क. तिसरं, हे पाकिटाचा डिंक ओला असताना पुन्हा उघडून लिहून राहिलो. आत्ता वैभवीचा फोन आला. पहिलं विचारलं, 'अवतार बोलून राहिला का माणूस?' म्हटलं, माणूस. 'मागे काय वाजून राहिलं?' म्हटलं, आलमारी ठोकून राहिले. 'हं, मग तुम्हीच. तो श्रीरंग असता तर शांतता असती.' मग तिने सांगितलं. ते चर्चेचं पान कोणीही वाचू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बाबारावांनी ते पूर्ण वाचलं. प्रिंट काढले. म्हटलं, रागावले का? म्हणाली, 'आधी रडले. मग दहावीचं आलं तेव्हा चष्मा काढून ठेवला. मग बँकेतल्या बाईचं वाचून हसले. आता लाल पेन घेऊन बसले आहेत, तुमचं शुद्धलेखन तपासून राहिले. आतापर्यंत त्र्याहत्तर चुका निघाल्या.' म्हटलं, तपासू द्या. तर ती म्हणाली, 'तुम्ही बसने तासाभरावर आहात न? मग जिवंत असल्याचं त्या प्रमोदिनीबाईंना काहून सांगून राहिले? इकडे येऊन सांगायचं.' मामाजी, याचं उत्तर माझ्याजवळ होतं. तुम्हाला वर लिहिलंच आहे, रिकामा रकाना. तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, 'हां, ते बाबांनीही ओळखलं. म्हणाले, रविवारी साडेअकराला येऊ दे, मामांना घेऊन. बायोडाटा कोरा आणायचा आणि माझ्यासमोर बसून भरायचा, स्वतःच्या हाताने.' मी विचारलं, आणि मग? म्हणाली, 'मग बाबा पाहतील. मी पाहिलं आहे.' आणि ठेवून दिला.

तर साप्ताहिकाचं राहू द्या. प्रमोदिनीबाईंना लिहून टाकलं की ओळ काढून टाका, माझी हरकत नाही. त्यांनी लगेच काढली, आणि खाली 'शुभेच्छा' लिहिलं. हे पत्र स्पीड पोस्टने जाईल, शुक्रवारी मिळेल असं पोस्टाच्या खिडकीवरचे म्हणाले. शनिवारच्या गाडीने निघाच. मी कोरा कागद घेऊन ठेवला आहे, आणि रकान्यात काय लिहायचं तेही आता ठरलं आहे. जे पुसलं होतं ते दोन शब्द लिहीपर्यंत तुम्ही शेजारी बसा.